पिळलेला दांडा

१

रविवारी सकाळी धरण रिकामं सापडलं.

सापडलं म्हणजे काय, एवढं मोठं धरण काय कुठे लपून बसणार होतं? पण दूधवाला सायकल टाकून ओरडत आला तो असंच म्हणत आला, "धरण गेलं! धरण गेलं!" मला वाटलं भिंत फुटली. हातातला कप तसाच ठेवला, पायांत चपला अडकवल्या आणि निघाले. भिंत जागच्या जागी होती. पाणी गेलं होतं. नजर पोचेल तिथवर नुसता काळा गाळ, त्यात तडफडणारे मासे, आणि वर कावळ्यांची शाळा भरलेली.

माझ्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण पुढे मला बरंच नाक खुपसायचं आहे. मी रेल्वेच्या अपघात-चौकशी खात्यात होते. गाडी रुळावरून घसरली की मला पाठवायचे, आणि कोण खोटं बोलतंय ते मी शोधून काढायचे. निवृत्त झाल्यावर दादाकडे राहायला आले. गावात मला चौकशीबाई म्हणतात. दादा मात्र अजून बेबी म्हणतो. साठी उलटलेल्या बाईला चारचौघांत बेबी! पण जाऊ दे.

दादा धरण समितीचा अध्यक्ष. त्याहून मोठं म्हणजे तो धरणाचा इतिहासकार, असं तो स्वतःच म्हणतो. शाळेची सहल आली की त्याच्या अंगात येतं. कोळशाच्या इंजिनांचा काळ होता मुलांनो, असं तो सुरू करतो. या वैराण मुलखात इंजिनाची तहान भागवायची कशी? तर रेल्वेनं ओढा अडवला, दगडी भिंत घातली. धरणामुळे स्टेशन झालं आणि स्टेशनमुळे गाव वसलं. पुढे इंजिनं डिझेलवर गेली तेव्हा रेल्वेनं धरण गावाला देऊन टाकलं. ओढा अडवल्यामुळे ज्यांची शेतं कोरडी पडली ती खालची वस्ती. त्यांना आठवड्यातून दोन दिवस पाटानं पाणी सोडायचं ठरलं होतं. ती झाली त्यांची पाळी.

मग दादा आवाज खाली आणतो. मोठा दुष्काळ पडला. रेल्वेनं तेव्हा धरणाला नवी कोरी चावी, म्हणजे पाणी सोडायचं चाक, बसवली होती. एका रात्री खालच्या वस्तीतल्या चौघांनी ती उघडली आणि अख्खं धरण पळवलं. दांडगाई किती, तर चावीचा लोखंडी दांडा पिळून टाकला! पण आमचे वडील आबा, म्हणजे धरणाचे चावीवाले, पहाटे तिथे पोलीस घेऊन पोचले आणि चौघांना भिंतीवरच पकडून दिलं. चौघे तुरुंगात गेले. वस्तीची पाळी दोनाची एक झाली, आणि वस्तीतल्या कुणीही भिंतीवर पाय ठेवायचा नाही असा नियम झाला. शेवटी दादा उजवा हात वर करतो, "याच हाताला धरून वडिलांनी मला ती चावी फिरवायला शिकवली." मुलं टाळ्या वाजवतात.

हात धरून वगैरे काही नाही हं. दादा लहानपणी शिकायला काकांकडे होता, सुट्टीत पाहुण्यासारखा यायचा. आबांचा डबा घेऊन रोज धरणावर जायचे ती मी. पण म्हातारा माणूस टाळ्यांनी सुखावतोय तर सुखावू दे, असं म्हणून मी कधी त्याला टोकलं नाही.

तर रविवारी सकाळी दूधवाल्यानं भिंतीवर एक माणूस पाहिलं होतं. खालच्या वस्तीची पाटकरीण. कोपरापर्यंत चिखल, आणि दोन्ही हात चावीच्या चाकावर.

२

तासाभरात सगळं गाव स्टेशनच्या जुन्या वेटिंग रूममध्ये जमलं. गाडी कधीच येत नाही, पण बाकं चांगली आहेत म्हणून सभा तिथेच होतात.

"रक्तच चोराचं!" किराणा दुकानदार म्हणाला. "त्या चौघांतलाच एक हिचा सासरा आहे."

"पाळी बंद करा. कायमची." दुसरा.

"संध्याकाळी ठराव करू आणि पोलिसांना बोलवू." तिसरा. टाळ्यासुद्धा पडल्या.

पाळी बंद म्हणजे काय ते सगळ्यांना कळत होतं. वस्तीची डाळिंबाची झाडं त्या एका दिवसाच्या पाण्यावर जगतात. पाळी गेली तर पुढच्या उन्हाळ्याला वस्तीत कुलपं लागली असती. हे कळूनही माणसं टाळ्या वाजवत होती. त्या खोलीत बसायचीसुद्धा मला लाज वाटली.

मी दादाकडे पाहिलं. गावात कुणाची शेळी हरवली तरी भाषण करणारा माणूस, पण आज खिडकीबाहेर बघत हात पाठीमागे बांधून उभा. 

"संध्याकाळपर्यंत थांबा," मी उठून म्हटलं. "चौकशी करते. तोवर हिला कुणी बोट लावायचं नाही."

"करा की," दुकानदार हसला. "हातात चाक असताना पकडली, आता काय चौकशी करणार?"

"तुमच्या काट्यावर तांदूळ कमी भरताना तुम्हालाही पकडलंय मी. तेव्हा तुम्हीही चौकशी करा म्हणाला होतात."

 पाटकरणीला शेजारच्या सामानखोलीत बसवलं होतं. पन्नाशीची, काटक बाई. वस्तीचा पाट तीच सांभाळते, कुणाच्या शेतात किती वेळ पाणी जाणार ते तीच ठरवते. मी स्टूल ओढून समोर बसले.

"विचारा," ती म्हणाली. "पण मी चोरी केली का, एवढं सोडून विचारा. ते विचारलंत तर उठून जाईन."

"भिंतीवर कशाला गेलीस?"

"काल रात्री पाट भरून वाहायला लागला, आमची पाळी नसताना. आधी वाटलं चावीवाला विसरला. मग पाणी बांधावरून शेतांत घुसलं. माझी सगळी रोपं वाहून गेली बाई, मुळासकट. पाणी चोरायचं असतं तर चार बोटं चावी उघडली असती आणि गपचूप पाट चालू ठेवला असता. स्वतःच्या रानात पूर कोण आणेल?"

"मग कुणाला सांगितलं का नाहीस?"

"चावीवाला लेकीकडे गेलेला. म्हणून तुमच्या भावाला फोन लावला. परत परत लावला. बंद." तिनं पदरानं हाताचा वाळलेला चिखल खरवडला. "उजाडेपर्यंत वाट बघितली. मग म्हटलं, नियम गेला खड्ड्यात. वर आले, चाक बंद करायला बघितलं, तर ते जाम. तेवढ्यात तुमचा दूधवाला बोंबलत सुटला."

माझा पेन थांबला. दादाचा फोन बंद? तो फोन उशाशी घेऊन झोपतो. फोन वाजला नाही तर दुरुस्तीला नेतो.

३

आताचा चावीवाला दुपारच्या एसटीनं परतला तो थेट धरणावरच आला. बिचारा भीतीनं पांढराफटक पडला होता. चावीच्या खोलीच्या दाराला कुलूप नसतं, त्यानं ते लोटलं.

खोली कसली, भिंतीत कोरलेला कोनाडा तो. मधोमध उभा लोखंडी दांडा, त्यावर मोठं चाक. चाक फिरलं की दांडा वरखाली होतो आणि खाली मोरीच्या, म्हणजे पाणी बाहेर पडायच्या बोगद्याच्या, तोंडावरची झडप उघडते किंवा बसते. मी खाली वाकून पाहिलं. दांडा मधल्या भागात चक्क पिळला गेला होता.

"झडप कुठे आहे आत्ता?"

"पार वर, बाई. पूर्ण उघडी. याच्यावर जायला जागाच नाही."

"आणि तरीही कुणीतरी जोर लावलाय."

"थोडाथोडका नाही. नुसत्या हातानं हे होणार नाही. आऱ्यांत पाइप घालून रेटलंय." त्यानं बोट दाखवलं. चाकाच्या आऱ्यांवर कशाचा तरी रंग घासून लागला होता, निळा आणि पांढरा. चावीवाल्याकडे स्वतःचा लांब पाना आहे, पण तो काळा, तेलकट.

मी तिथेच पायरीवर बसले. गुडघे दुखत होते हे एक, आणि डोक्यात काहीतरी जागेवर बसत होतं हे दुसरं.

बघा. पाणी पळवायचं असलेला माणूस चाक फिरवतो, खाली धो धो आवाज येतो, त्याचं काम झालं. तो पळ काढेल. पूर्ण उघडलेली चावी आणखी उघडायला पाइप कोण शोधून आणेल? पण पाणी बंद करायला आलेला माणूस असेल तर? तो फिरवतो आणि पाणी वाढतं. त्याला वाटतं, अजून बसली नाही. तो आणखी फिरवतो, पाणी आणखी वाढतं. तो घाबरतो, पाइप आणतो, जीव खाऊन रेटतो. जितकं पाणी येईल तितका त्याचा जोर वाढेल.

"ही चावी उलटी फिरते ना अजून?" मी विचारलं.

"म्हणजे काय! सगळ्या चाव्या उजवीकडे फिरवल्या की बंद होतात, ही उघडते. आटेच उलटे आहेत."

मला ते आबांनी शिकवलं होतं. माझ्या हातावर हात ठेवून, दरवेळी बजावून, "बेबी, ही उलटी आहे हं. विसरायचं नाही." म्हणजे धरण रिकामं करणारा चोर नव्हता. त्याला ही चावी कशी फिरते तेच माहीत नव्हतं. चावीवाला त्यातून सुटला, तो रोज फिरवतो.

तेवढ्यात खालून पाणीपुरवठ्याचे नवे इंजिनिअर चढून आले. तरुण, घामाघूम. हे धरण मोडीत काढा आणि नळाची लाइन आणा, असं ते आल्यापासून म्हणतात, म्हणून गावाला ते डोळ्यांसमोर नको असतात. मी सरळच विचारलं.

"काल संध्याकाळी कुठे होतात?"

"तालुक्याला, बायकोच्या दवाखान्यात. माझ्यावर संशय आहे का?"

"तुम्हाला धरण नकोय."

"नकोय. पण ते मी अहवाल लिहून बंद करीन. असलं पाणी वाया घालवून नाही." ते खरोखर चिडले होते. "आणि ही उलटी चावी मला पहिल्याच दिवशी कळली. मी उजवीकडे फिरवायला गेलो तर या गृहस्थांनी माझ्या हातावर फटका मारला. का मारला ते कुणी विचारलं नाही, फटका खाल्ला म्हणून अख्ख्या गावानं महिनाभर हसून घेतलं."

चावीवाल्यानं मान डोलावली. मारला होता फटका.

"मोरीखाली थोडी गळती आहे," इंजिनिअर पुढे म्हणाले. "सोमवारी मी तपासणीला येणार होतो. गळती दिसली असती तर धरण निकामी ठरवावं लागलं असतं. ज्याला ती थांबवायची असेल त्यानं चावी घट्ट करायला बघितली असेल."

"हे कुणाकुणाला सांगितलं होतंत?"

"शनिवारी दुपारी, फक्त अध्यक्षांना."

४

समितीच्या खोलीची किल्ली दोघांकडे असते, चावीवाल्याकडे आणि दादाकडे. चावीवाल्यानं दार उघडलं. धरणाच्या वर्धापनदिनाला कमान उभारायचे पाइप कोपऱ्यात रचलेले होते, निळ्यापांढऱ्या पट्ट्यांचे. त्यांतला एक वाकलेला होता. तो मागे सरकवून ठेवायचा प्रयत्न झाला होता, पण वाकलेली वस्तू सरळ रांगेत कशी बसणार?

चावीवाल्यानं पाइपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी काही बघितलं नाही, बाई," तो हळूच म्हणाला. त्याचा तो भलेपणा मला चटका लावून गेला. माझ्या घरावर पांघरूण घालायला निघाला होता तो.

घरी आले. वहिनी दारातच म्हणाली, "कालपासून अन्नाला शिवले नाहीत. डोकं दुखतंय म्हणतात. मला खोलीत येऊ देत नाहीत."

दादा पलंगावर बसला होता. हात पाठीमागे.

"हात दाखव," मी म्हटलं.

"बेबी, आत्ता नको."

"दादा, हात."

त्यानं हात पुढे केले. दोन्ही तळवे सोलवटलेले, फोड फुटलेले. सत्तरीच्या माणसाचे हात. मला त्याला ओरडायचं होतं, सगळ्या रस्त्यानं वाक्यं जुळवत आले होते. ते हात बघून सगळी विसरले.

"चावीवाल्याला फोन करून विचारायचं होतंस," मी म्हणाले. "कुठल्या बाजूला फिरते, एवढंच. लेकीकडे गेला होता, काही मेला नव्हता तो."

"कसं विचारू?" दादा म्हणाला. "तीस वर्षं सांगतोय मी, आबांनी मला शिकवली म्हणून. त्याच्यासमोर सांगतोय. आणि आता विचारू, की बाबा रे, ती फिरते कशी?"

खरं होतं. दुसऱ्या कुणीही विचारलं असतं. इंजिनिअरनं हसू करून घेतलं आणि शिकला. अख्ख्या गावात हा प्रश्न विचारता न येणारा एकच माणूस होता, आणि तो माझा भाऊ होता.

"ठीक आहे, ती चूक झाली," मी म्हटलं. आता माझा आवाज चढला. "चूक कुणाचीही होते. पण फोन बंद केलास. आणि सकाळी ती बाई पकडली गेली तेव्हा उभा राहून बघत होतास. तिच्या घरादारावर उठले होते सगळे, आणि तू खिडकीबाहेर बघत होतास! लाज कशी वाटली नाही रे तुला?"

"वाटतेय," तो म्हणाला. "पण माझ्यासाठी गप्प नव्हतो बसलो मी."

"मग कुणासाठी?"

त्यानं तळवे मांडीवर उपडे ठेवले. मग म्हणाला, "तू चौकशीबाई ना? मघाशी धरणावर तू जो हिशेब मांडला असशील, तो परत मांड. पिळलेला दांडा म्हणजे काय?"

"म्हणजे फिरवणारा बंद करायला बघत होता."

"मी मुलांना काय सांगतो? त्या चौघांनी दुष्काळात काय केलं?"



दांडा पिळला. नवी कोरी चावी. जुनी चावी सगळ्या चाव्यांसारखी सरळ फिरायची. आबांच्या हाताला वर्षानुवर्षं तीच सवय. रेल्वेनं नवी बसवली, उलट्या आट्यांची. पहिल्या पाळीचं पाणी बसवणाऱ्यांनीच सोडून दाखवलं असणार. पाळी संपल्यावर आबा बंद करायला गेले आणि सवयीनं उजवीकडे फिरवली. पाणी वाढलं. त्यांनी आणखी फिरवली.

"काल दांडा हातात पिळला ना," दादा म्हणत होता, "तेव्हा मला कळलं, बेबी. तिथल्या तिथे. शेकडो वेळा तोंडानं सांगितलेली गोष्ट, काल हातांनी कळली. ते चौघे चोर नव्हते. त्यांच्या शेतात पाणी घुसलं म्हणून ते बंद करायला वर आले होते. पाटकरणीसारखे. मी तिथून पळत घरी आलो आणि फोन बंद केला. मी बोललो असतो तर दांड्याची गोष्ट निघाली असती, आणि मग आबा..."

"आबांना कदाचित कळलं नसेल," मी घाईनं म्हटलं. "त्यांना खरंच वाटलं असेल की चावी बंद करून आलो."

हे म्हणत असतानाच मला माझ्या हातावरचा त्यांचा हात आठवला. बेबी, ही उलटी आहे हं. विसरायचं नाही. दुष्काळाच्या पुढच्याच हिवाळ्यात शिकवली होती त्यांनी मला. म्हणजे तोवर त्यांना कळलं होतं. चौघे तेव्हा तुरुंगात होते. आबांना ते माहीत होतं, आणि तरी ते मला चावी शिकवत होते.

आयुष्यात मला ज्याचा सगळ्यात जास्त अभिमान होता ते तेवढंच होतं, दादाला नाही, मला शिकवली. मी भिंतीला टेकून खाली बसले. अपघाताच्या चौकशीत कितीतरी माणसं माझ्यासमोर अशी मटकन बसली होती. मी त्यांना पाणी द्यायचे आणि पुढचा प्रश्न विचारायचे. आज दादानं मला पाणी दिलं.

"आता तू ठरव," तो म्हणाला. "माझं एकट्याचं नाव सांगितलंस तरी पाळी वाचेल. आबांचं नाही सांगितलं तरी चालेल."

५

संध्याकाळी वेटिंग रूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. वस्तीतली माणसंही आली होती, दाराबाहेर उभी. त्यांना आत बोलवायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. पाटकरीण एकटी पुढच्या बाकावर.

मी उभी राहिले आणि सांगितलं. चौकशीचा अहवाल द्यावा तसं, एकापुढे एक. उघडलेली चावी, तरीही लावलेला जोर, म्हणून बंद करायला आलेला माणूस. ज्याला चावी उलटी हे माहीत नाही असा माणूस. ज्याला गळती माहीत होती असा माणूस. निळापांढरा पाइप. बोलताना माझे कान तापले होते. दादाचं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा तो स्वतःच उठला.

"मी केलं," तो म्हणाला. पंचक्रोशीत ज्याच्या भाषणाला लोक घड्याळं बघतात, त्यानं एवढंच सांगितलं. मग दोन्ही तळवे सगळ्यांसमोर धरले.

कुजबूज झाली. दुकानदारच आधी सावरला. "अहो, हातून चूक झाली, होतं असं. वयही झालंय. जाऊ द्या, मिटवून टाकू. पाळी आहे तशी राहू दे, म्हणजे झालं."

बघा गंमत. पाटकरीण होती तेव्हा चोरी होती. अध्यक्ष निघाले तर चूक झाली. लोक मान हलवून उठायलाही लागले. इथेच थांबता आलं असतं. पाळी वाचली होती, बाई सुटली होती. दादानं माझ्याकडे पाहिलंही नाही, मला मोकळीक दिली होती त्यानं.

"बसा," मी म्हणाले. "अजून झालेलं नाही."

आणि आबांचं सांगितलं. मध्येच आवाज फुटला, मी थांबले, पुन्हा सुरुवात केली. त्यांनी मला चावी कधी शिकवली तेही सांगितलं. तेवढं गाळलं असतं तर आबांना कुणी लबाड म्हटलं नसतं, फक्त चुकले म्हटलं असतं. पण मी चौकशीत कुणाचं काही गाळलेलं नाही.

खोलीत कुणी कुणाकडे बघेना. या खोलीत प्रत्येकानं कधी ना कधी त्या गोष्टीला टाळ्या वाजवल्या होत्या. दुकानदार चष्मा पुसत बसला. शाळेच्या मास्तरांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही.

"वस्तीची पाळी पुन्हा दोन दिवस," चावीवाला मागून म्हणाला. "धरण भरलं की. आणि भिंतीवर यायला बंदी नाही. कुणाचा विरोध?"

कुणाचाच नव्हता. वस्तीतली माणसं अजूनही दाराबाहेरच उभी होती. आत या, असं आता सांगायलाही आम्हाला तोंड उरलं नव्हतं.

दादा पाटकरणीसमोर गेला, हात जोडले. "मला माफ कर."

"तुमच्यापुरतं केलं," ती म्हणाली. रागानं नाही, थकल्यासारखी. "रोपं परत लावता येतील. पण वडिलांची माफी माझ्याजवळ मागू नका. ती माझी नाहीच. चौघांतले तिघे गेले. माझे सासरे आहेत अजून. त्यांच्याकडे जा."

६

सोमवारी सकाळी आम्ही दोघं वस्तीवर गेलो. एवढी वर्षं गावात काढून मी त्या रस्त्याला कधी वळले नव्हते. रस्ताभर वाळत चाललेला चिखल होता, आमच्याच धरणाचा.

म्हातारा दारात खुर्ची टाकून बसला होता. डोळे अधू, पण कान शाबूत. पाटकरणीनं त्याच्या कानाशी आम्ही कोण ते सांगितलं. चेहऱ्यावर एकदम हसू आलं.

"चावीवाल्याची पोरं? या, या! तुझा बाप रोज यायचा माझ्याकडे. पाळी सोडली की रात्री इथंच जेवायचा, इथं, या उंबऱ्यात. धरणाची भिंत सोडली तर याच घरी सापडायचा."

हे आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. आबांनी कधी सांगितलं नव्हतं.

दादानं सांगायला सुरुवात केली. जमेना. मग मी सांगितलं, जितकं सरळ सांगता येईल तितकं. चावी उलटी होती. चूक आबांची होती. त्यांना ती नंतर कळली, आणि तुम्ही तुरुंगात असताना ते गप्प राहिले.

म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मांडीवरचे हात हलले नाहीत. मला वाटलं आता शिव्या देईल. द्याव्यात असं मनापासून वाटत होतं.

"अस्सं होय," तो अखेर म्हणाला. "म्हणून यायचा बंद झाला." बराच वेळ मान हलवत राहिला. "मी सुटून आलो, तर तो रस्त्यात दिसला की वळून जायचा. मला वाटायचं, तुरुंगात जाऊन आलेल्या माणसाच्या दारात तो कसा येणार? नोकरी होती त्याची रेल्वेत. लोक काय म्हणतील? मग मीच गावात जायची वाट बदलली. लांबून जायचो, स्टेशनच्या मागून. म्हटलं, समोर आलो तर उगाच त्याला अवघडल्यासारखं होईल."

दादा हुंदके देऊन रडायला लागला. म्हाताऱ्यानं आवाजाच्या दिशेनं हात पुढे केला, त्याच्या हाताला काही लागलं नाही.

"उन्हात का उभे राहिलात?" तो म्हणाला. "आत या की."

पाटकरणीनं दार पूर्ण उघडलं आणि बाजूला झाली. आम्ही दोघं उंबऱ्याबाहेर उभे होतो. आत जायला पाय उचलत नव्हते.